हात काढता, तर कुलूपही काढा

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जुन्या राउटरबद्दल जाहीर इशारा दिला. इशाऱ्यासोबत बहुतांशी लिंक्सिसच्या तेरा मॉडेलांची यादी होती. 'द मून' नावाच्या घातक प्रोग्रामने या राउटरांमध्ये शिरकाव केला होता, आणि एनीप्रॉक्सी व फाइव्हसॉक्स या दोन सेवा त्यांचे इंटरनेट कनेक्शन परस्पर भाड्याने देत होत्या. भाडेकरू कोण, तर आपला माग लागू नये म्हणून दुसऱ्याच्या घरच्या पत्त्याआडून उद्योग करू पाहणारे गुन्हेगार. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार या धंद्यातून ४ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त कमाई झाली. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अशीच आणखी एक टोळी उघड केली होती. चीनच्या सरकारी हॅकर्सनी अमेरिकेतल्या शेकडो लहान राउटरांचा ताबा घेतला होता आणि त्यातले बहुसंख्य सिस्को व नेटगिअरचे, कंपनीने 'आयुष्य संपले' असे जाहीर केलेले होते. या सगळ्या राउटरांचे दिवे लागत होते, वायफाय मिळत होते, त्यांच्यावर घरे आणि दुकाने चालत होती. बिघाड कुठेच नव्हता. थांबली होती ती कंपनीकडून येणारी सुरक्षेची दुरुस्ती. माझे म्हणणे असे आहे की ज्या दिवशी कंपनी ही दुरुस्ती थांबवते, त्या दिवशी त्या यंत्राला घातलेले कुलूपही तिने काढले पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी ते काम हाती घेता येईल. असे काम करणारे लोक जगात आहेत, आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते करून दाखवले आहे.

राउटर हा छोटा संगणक असतो हे आपण सहसा लक्षात घेत नाही. त्याला प्रोसेसर असतो, मेमरी असते, आणि आत बहुतेक वेळा लिनक्स ही संगणकप्रणाली चालत असते. हे आतले सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. ते तयार होते कसे, हे समजले की पुढचा सगळा प्रश्न उलगडतो. राउटरवर जिचे नाव छापलेले असते ती कंपनी सहसा चिप बनवत नाही. चिप बनवणारी कंपनी तिला चिपसोबत सॉफ्टवेअरचा एक तयार संच देते. त्या संचातले लिनक्स अनेकदा तेव्हाच काही वर्षे जुने असते आणि वायफायचा ड्रायव्हर बंदिस्त असतो, म्हणजे त्याचा मूळ मजकूर कुणाला वाचता येत नाही. राउटर कंपनी वरून आपले रंगरूप चढवते आणि माल बाजारात आणते. दोन-तीन वर्षांत नवे मॉडेल येते, जुन्याकडे पाहणारी माणसे नव्याकडे वळवली जातात. पुढे लिनक्समध्ये एखादे छिद्र सापडले आणि बुजवले गेले, तरी तो बदल त्या जुन्या डब्यापर्यंत पोचत नाही. ज्याने तो डबा विकत घेतला त्याला हे कोणी कळवतही नाही.

यातून बाहेर पडण्याची वाट एका राउटरनेच उघडली. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या अखेरीस आला. २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरला लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच वर्षी लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आले की या राउटरच्या आत लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना, म्हणजे जीपीएल, सांगतो की हे सॉफ्टवेअर तुम्ही विकणाऱ्या वस्तूत घातले, तर तुम्ही वापरलेला त्याचा सोर्स कोडही घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. मागणी वाढली तशी कंपनीला तो कोड द्यावा लागला. त्या कोडच्या आधारे जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. कोणाही कंपनीच्या मालकीचे नसलेले, कोणालाही वाचता, बदलता आणि वापरता येणारे राउटरचे फर्मवेअर तयार करणे हे त्याचे काम. पुढे लिंक्सिसने याच मॉडेलच्या नव्या आवृत्तीत लिनक्स काढून दुसरी प्रणाली घातली आणि मेमरी निम्म्यावर आणली. पण लिनक्सवाला राउटर मागणारे गिऱ्हाईक एवढे होते की २००५ मध्ये तिला डब्ल्यूआरटी५४जीएल हे मॉडेल वेगळे काढावे लागले. ते २०१६ मध्येही विकले जात होते आणि कंपनीला दरवर्षी लाखो डॉलर मिळवून देत होते. फर्मवेअर मोकळे केले की धंदा बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये.

मोकळ्या फर्मवेअरने काय मिळवले, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधक माथी व्हानहूफ यांनी 'क्रॅक' हा दोष जाहीर केला. वायफायच्या ज्या सुरक्षापद्धतीवर जगभरची घरे आणि कार्यालये विसंबून होती, तिच्या मुळातच तो होता. ओपनडब्ल्यूआरटीपासून तेव्हा काही काळ वेगळ्या झालेल्या लेडे या शाखेची दुरुस्त आवृत्ती दोन-तीन दिवसांत आली आणि ती अनेक वर्षे जुन्या राउटरांनाही चालत होती. त्या राउटरांच्या मूळ कंपन्यांनी कित्येक मॉडेलांना ही दुरुस्ती कधीच दिली नाही. दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. घरात कोणी मोठी फाइल चढवायला घेतली की त्याच वेळी चाललेला व्हिडिओ कॉल अडखळतो, आवाज तुटतो. ब्रॉडबँड घेतलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे, आणि बहुतेकजण 'स्पीड कमी आहे' म्हणून महागडा प्लॅन घेतात. खरे कारण पुष्कळदा वेगळे असते. राउटर किंवा मोडेम येणारी माहिती गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या रांगेत साठवून ठेवतो, आणि कॉलचे छोटे तुकडे त्या रांगेच्या शेवटी अडकून राहतात. यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरोडब्ल्यूआरटी नावाच्या प्रयोगातून, नेटगिअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या राउटरांवर, ती आणि तिच्यातून पुढे आलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत घासूनपुसून घेतली. ती लिनक्समध्ये गेली, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये रुजली आणि जानेवारी २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांतही नोंदली गेली. टाट एप्रिल २०२५ मध्ये वारले. आज जगातल्या असंख्य कॉलमधला आवाज न तुटता पोचतो, त्यात त्यांच्या कामाचा वाटा आहे. त्या संशोधनाची प्रयोगशाळा होती घरगुती राउटर, कारण त्या राउटरच्या आतले फर्मवेअर त्यांना बदलता येत होते. बंद डब्यावर हा प्रयोग झालाच नसता.

मात्र हे काम एकदा करून संपत नाही, आणि लोकांना नेमका त्याचाच अंदाज नसतो. लिनक्सचा गाभा सतत बदलतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या दर मोठ्या आवृत्तीत नवा गाभा येतो, आणि तो आला की शेकडो वेगवेगळ्या मॉडेलांवर सगळे नीट चालते का, हे पाहावे लागते. पोर्ट कुठले, दिवा कुठला, मेमरीचा कोणता भाग कशासाठी, याचे वर्णन प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे लिहावे लागते. अथेरॉसच्या चिपवर चालणाऱ्या जुन्या राउटरांसाठीची सगळी मांडणी काही वर्षांपूर्वी नव्या पद्धतीत उतरवावी लागली. ज्या मॉडेलसाठी कोणी पुढे आले नाही, ते मागे पडले. कारण चाचणी शेवटी खऱ्या यंत्रावरच होते. तो विशिष्ट राउटर ज्याच्या टेबलावर आहे आणि बिघडला तर उघडून, आतल्या पट्टीवर तार जोडून तो पुन्हा उठवायची ज्याची तयारी आहे, असा माणूस लागतो. शिवाय यंत्राच्याही मर्यादा असतात. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅम असलेले राउटर एके काळी भारतभर घरोघरी होते. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एनच्या बहुतेक आवृत्त्या त्यातल्याच. ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही आवृत्ती त्यांना कशीबशी मावली, पुढची मावली नाही. म्हणजे मोकळे फर्मवेअर आले की कोणतेही यंत्र अमर होते, असा दावा कोणी करू नये. मी तो करत नाही.

तरीही कोणते राउटर टिकले आणि कोणते लवकर गेले, हे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. वयापेक्षा बंदिस्तपणाने जास्त राउटर मारले. अथेरॉसच्या जुन्या वायफाय चिपचा ड्रायव्हर पूर्णपणे मोकळा होता, त्यामुळे त्या चिपवरची यंत्रे पंधरा-पंधरा वर्षे नव्या लिनक्सवर चालत राहिली. उलट ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बंदिस्त होता आणि तो लिनक्सच्या २.४ या जुन्या गाभ्यालाच चालत असे. म्हणून बाकीचे जग पुढे गेले तरी डब्ल्यूआरटी५४जीच्या पिढीतले राउटर कित्येक वर्षे त्या गाभ्याला बांधलेले राहिले. यापेक्षा बोलकी गोष्ट लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी१९००एसीची आहे. २०१४ मध्ये तो मोकळ्या फर्मवेअरसाठीच म्हणून विकायला आणला गेला. त्यात मार्व्हेलची वायफाय चिप होती. ड्रायव्हर मोकळा होता, पण चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम बंदिस्तच राहिला. २०१९ मध्ये मार्व्हेलने आपला वायफायचा धंदा एनएक्सपीला विकला आणि त्या प्रोग्रामची देखभाल थांबली. राउटरचा प्रोसेसर भक्कम, मेमरी भरपूर, घेणाऱ्यांनी चांगले पैसे मोजलेले. तरी वायफायमधले दोष दुरुस्त करणे जगात कोणाच्याच हाती राहिले नाही. या चिपची माहिती खुली करायला त्या वेळी कोणाला फारसा खर्च आला नसता. तशी ती करावी असे त्यांच्यावर बंधन नव्हते, एवढेच.

याविरुद्ध पहिला आक्षेप सुरक्षेचाच घेतला जातो. कोड सगळ्यांसमोर आला तर चोरालाही वाचता येईल, असे म्हणतात. तो वाचता येतो, हे खरे. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्याच एका सेवेत गंभीर दोष सापडला. आपल्या राउटरसाठी फर्मवेअरची नवी फाइल तयार करून देणारी ती सेवा होती, आणि तिच्या आधारे एखाद्याला बनावट फर्मवेअर दुसऱ्याच्या गळ्यात मारता आले असते. एका बाहेरच्या संशोधकाने तो शोधून कळवला, काही तासांत तो दुरुस्त झाला आणि काय चुकले होते ते प्रकल्पाने सगळ्यांसमोर मांडले. मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये चुका होत नाहीत असे मुळीच नाही. फरक चूक सापडल्यानंतरच्या वागणुकीत असतो. आणि तुलना करायचीच असेल, तर ती नव्या, सांभाळल्या जाणाऱ्या बंद राउटरशी करून चालणार नाही. ज्याच्या कंपनीने पाच वर्षांपूर्वी हात काढले आहेत, त्या बंद राउटरशी करावी लागेल. एफबीआयच्या यादीतले तेरा राउटर बंदच होते. बंद असल्याने त्यांना चोरापासून संरक्षण मिळाले नाही. मिळाले ते एवढेच, की मालकालाही आत काय चालले आहे ते दिसले नाही.

दुसरा आक्षेप रेडिओ लहरींचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. फर्मवेअर बदलता आले तर कोणी प्रक्षेपणाची शक्ती परवानगीपेक्षा वाढवील, हवामान रडारच्या वारंवारितेत ढवळाढवळ करील, ही भीती निराधार नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने याच कारणाने असे नियम सुचवले, की उत्पादकांना राउटर पूर्णच कुलूपबंद करणे सर्वात सोपे वाटावे. त्यावर इंटरनेटचे एक शिल्पकार व्हिंट सर्फ आणि डेव्ह टाट यांच्यासह अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी एफसीसीला पत्र लिहिले. रेडिओचा भाग सुरक्षित ठेवा, पण बाकीचा संगणक मोकळा राहू द्या, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर द्यायचे बंधन उत्पादकावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. एफसीसीने नंतर आपल्या सूचनांचा खुलासा केला. २०१६ मध्ये टीपी-लिंकला शक्तीमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल दोन लाख डॉलर भरावे लागले, त्याच समझोत्यात कंपनीने मोकळ्या फर्मवेअरला वाट देण्यासाठी काम करण्याचेही मान्य केले. या प्रकरणातला एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. मर्यादा ओलांडणारी सेटिंग कंपनीच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये होती. लहरींचे नियम पाळायचे असतील तर रेडिओच्या भागाला वेगळी मर्यादा घालता येते. त्यासाठी सगळा राउटर बंद करायची गरज नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हजार-दीड हजारात नवा राउटर मिळतो, मग जुन्याचे एवढे कौतुक कशाला? जुनी यंत्रे वीज जास्त खातात, असेही म्हटले जाते. ते फ्रिजच्या बाबतीत खरे असेल, राउटरच्या बाबतीत तसे नाही. डब्ल्यूआर८४१एनच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट आणि ०.६ अँपिअर लिहिलेले असते, म्हणजे जास्तीत जास्त साडेपाच वॉटच्या आसपास. पाच वॉट धरले तर दिवसरात्र चालवून वर्षाला सुमारे ४४ युनिट होतात. नव्या पिढीच्या, अनेक अँटेनांच्या राउटरला बहुधा यापेक्षा जास्त लागते. आणि हजार-दीड हजाराच्या त्या नव्या राउटरलाही किती वर्षे दुरुस्त्या मिळतील, हे खोक्यावर कुठेच लिहिलेले नसते. म्हणजे ग्राहक नवा राउटर घेतो तेव्हा तो तीच अडचण दोन-तीन वर्षांनी पुन्हा विकत घेत असतो. ज्याला वेगवान वायफाय हवे, त्याने जरूर नवा घ्यावा. पण शाळेच्या संगणकखोलीला, किराणा दुकानाच्या क्यूआर यंत्राला, आजीच्या व्हिडिओ कॉलला दहा वर्षांपूर्वीचा राउटर आजही पुरतो, आणि केवळ दुरुस्ती मिळत नाही म्हणून तो कचऱ्यात जावा याला काही समर्थन नाही.

चौथा मुद्दा मला खरा अडसर वाटतो. सामान्य माणसाला हे जमणार नाही. राउटरचे फर्मवेअर बदलताना मध्येच वीज गेली तर तो डेड होतो, आणि तो उठवायचे कौशल्य घरोघरी नसते. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत, आणि तिथली मुले फोनला सॉफ्टवेअर मारून देण्याचे काम वर्षानुवर्षे करत आली आहेत. राउटरचे काम त्याहून अवघड नाही. अट एकच, की कुलूप नसावे आणि योग्य फाइल अधिकृतपणे मिळावी. आपल्याकडची मोठी अडचण वेगळीच आहे. फायबरचे कनेक्शन घेतले की डबा सेवा देणारी कंपनी किंवा केबलवाला देतो, त्याचा मुख्य पासवर्ड त्यांच्याकडे असतो, आणि अपडेट करायचे की नाही हेही तेच ठरवतात. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका हल्ल्यात बंद पडले होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिलेली ती यंत्रे होती, आणि ग्राहकांनी पासवर्ड बदलावा असे आवाहन नंतर करावे लागले. ज्या डब्यावर ग्राहकाला हक्क नाही, त्याच्या सुरक्षेची जबाबदारी अखेर ग्राहकावर येऊन पडली.

कायद्याने काय करता येते, हे आता इतर देशांनी दाखवले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडली जाणारी वस्तू विकताना तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या कमीत कमी किती काळ मिळतील, हे सांगणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि बहुतेक वस्तूंना किमान पाच वर्षे दुरुस्त्या द्याव्या लागतील. ही मुदत संपल्यावर उत्पादकांनी सोर्स कोड खुला करण्याचा विचार करावा, असेही त्याच्या प्रास्ताविकात म्हटले आहे. पण विचार करावा, इतकेच. ते बंधन व्हायला हवे. जर्मनीत एका ग्राहकाने फ्रिट्झबॉक्स राउटरच्या उत्पादकाला कोर्टात खेचले, तेव्हाच ग्राहकाने बदललेले सॉफ्टवेअर पुन्हा त्या यंत्रात घालण्यासाठी लागणारे सगळे साहित्य कंपनीने दिले. प्रत्येक मॉडेलसाठी कोणीतरी असा खटला भरावा, अशी अपेक्षा करता येणार नाही. आपल्याकडे राष्ट्रीय दूरसंचार सुरक्षा केंद्र राउटरांच्या सुरक्षा चाचण्यांचे काम पाहते, ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, आणि एप्रिल २०२३ पासूनचे ई-कचरा नियम पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. राउटर विकला गेला त्या दिवसापासून तो भंगारात जाईपर्यंतच्या मधल्या वर्षांकडे मात्र यातले कोणीच पुरेसे पाहत नाही, आणि सगळा धोका त्याच वर्षांत असतो.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीकडे पाहत थांबायची गरज नाही. महानेट या राज्याच्या इंटरनेट-जोडणी प्रकल्पासाठी, ग्रामपंचायतींसाठी, जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी आणि सरकारी रुग्णालयांसाठी राउटर आपणच निविदा काढून घेतो. त्या निविदेत दुरुस्त्यांची शेवटची तारीख लिहून मागता येईल. त्या तारखेनंतर कुलूप उघडून देण्याची आणि ड्रायव्हरसकट सगळा कोड देण्याची अट घालता येईल, आणि जे मॉडेल खरेदीच्या वेळीच ओपनडब्ल्यूआरटीवर चालते त्याला जास्त गुण देता येतील. आणखी एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. जे लोक हे फर्मवेअर जिवंत ठेवतात त्यांतले बरेचजण नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात, आणि दमले की ते मॉडेल यादीतून गळते. ओपनडब्ल्यूआरटीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ८९ डॉलरचा स्वतःचा राउटर बाजारात आणला. त्याला मुख्य मेमरीखेरीज वेगळी राखीव मेमरी आहे, त्यामुळे फर्मवेअर बिघडले तरी तो पुन्हा उठवता येतो, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक राउटरमागे दहा डॉलर प्रकल्पाच्या निधीत जातात. हीच रीत आपल्या खरेदीलाही लावावी. सरकार दर राउटरमागे जी रक्कम वार्षिक देखभाल करारासाठी बाजूला काढते, तिचा एक ठरलेला हिस्सा त्या मॉडेलचे मोकळे फर्मवेअर सांभाळणाऱ्यांच्या मानधनासाठी राखून ठेवावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांमधल्या मुलांना खऱ्या यंत्रांवर चाचणी घेण्याचे काम त्यातूनच देता येईल.